लेकीचं लग्न होऊन वर्ष उलटलं, तिचं स्थळ वेबसाईटवर अजून तसंच आहे

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीच्या सासरी एक फोन आला. लेक ऑफिसला गेलेली, तिचा जुना मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला, सारखा वाजतोय म्हणून तिच्या सासूबाईंनी उचलला. समोरचे गृहस्थ अगदी अदबीने बोलत होते, म्हणाले आमच्या मुलासाठी स्थळ बघतोय, तुमच्या मुलीची पत्रिका जुळतीये, फोटोही घरात सगळ्यांना आवडलाय, तर बघायला कधी येऊ. आता त्या बाईंनी यावर काय बोलावं? ज्या मुलीला हे बघायला येणार ती त्यांची सून, लग्नाला वर्ष होऊन गेलेलं. त्यांनी त्या गृहस्थांना नीट सांगितलं, फोन ठेवला आणि मला फोन केला, "अहो विहीणबाई, हे काय आहे?" एवढंच विचारलं, आवाज चढवला नाही, पण माझ्या तोंडाला कोरड पडली. माणसं चांगली आहेत म्हणून निभावलं. दुसरं घर असतं तर त्या एका फोनवरून माझ्या लेकीला काय काय ऐकून घ्यावं लागलं असतं ते बायकांना वेगळं सांगायला नको.

त्या गृहस्थांची काहीच चूक नव्हती. त्यांना कोणीतरी व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवलेली, त्यात माझ्या लेकीचा फोटो, जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मगाव, रास, नाडी, गण, उंची, शिक्षण, कंपनीचं नाव, पगार, वडिलांचा हुद्दा, भावाचं शिक्षण, मामेकुळाचं आडनाव आणि गाव, आणि खाली दोन मोबाईल नंबर, एक तिचा एक माझा. ती पीडीएफ मी नंतर त्यांच्याकडून मागून घेतली. शब्द न शब्द माझाच होता. २०२३ च्या दिवाळीनंतर मी स्वतः रात्री जागून एका लग्न जुळवणाऱ्या वेबसाईटच्या फॉर्ममध्ये भरला होता तोच मजकूर, "मुलगी मनमिळाऊ, घरची जबाबदारी ओळखणारी" हे वाक्यसुद्धा.

वेबसाईटचं नाव मी इथे लिहीत नाही, भांडण एका कंपनीशी नाहीये. कारण त्यानंतर मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यातल्या जवळजवळ प्रत्येकीने आपलं काहीतरी सांगितलं, कोणाचं लोनच्या वेबसाईटचं, कोणाचं रक्ततपासणीच्या, कोणाचं मुलाच्या क्लासच्या चौकशीचं. फॉर्म भरला की आठवड्यात फोन सुरू. आपल्याला याची इतकी सवय झालीये की आता कोणी चिडतही नाही, "चालायचंच" म्हणतात. मला ते "चालायचंच" पटत नाही म्हणून हे पत्र.

आमच्या वेळी समाजाचं वधू-वर सूचक मंडळ असायचं. माझं स्वतःचं स्थळ अशाच मंडळाच्या वहीतून गेलं. कार्यालयात एक काका बसायचे, त्यांच्याकडे मुलींची वेगळी आणि मुलांची वेगळी अशा जाडजूड फायली, पत्रिका आणि फोटो टाचणीने लावलेले. कोणी बघायला आलं की काका आधी त्यांचं नाव गाव वहीत लिहून घ्यायचे, मग फाईल पुढे सरकवायचे, आणि फोटो कोणालाही बाहेर नेऊ द्यायचे नाहीत. लग्न ठरलं की माझे वडील पेढे घेऊन गेले, काकांनी टाचणी काढली, फोटो आणि पत्रिका त्यांच्या हातात दिली आणि वहीतल्या नावावर तांबड्या शाईची रेघ मारली. झालं, माझी माहिती परत माझ्या घरी आली. ते काका कुठलाही कायदा वाचलेले नव्हते, पण दुसऱ्याच्या मुलीची पत्रिका आपल्याकडे ठेव म्हणून आहे हे त्यांना कळत होतं.

आता वेबसाईटचं बघा. फॉर्म भरताना लाल चांदणीचे रकाने, म्हणजे ते भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. जन्मवेळ ठीक आहे, पत्रिकेला लागते. पण घर स्वतःचं की भाड्याचं, शेती किती एकर, वडिलांचं उत्पन्न या सगळ्यालाही चांदणी. शेवटी एक छोटा चौकोन, त्यात बरोबरची खूण आधीच केलेली आणि त्यापुढे बारीक अक्षरात इंग्रजी की मला अटी आणि प्रायव्हसी पॉलिसी मान्य आहे. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, डोळे मिटायला लागलेले, मी खालचं हिरवं बटण दाबलं. ओटीपी आला, टाकला. फॉर्म भरायला मला दीड तास लागला आणि संमती द्यायला एक सेकंद.

चौथ्या दिवसापासून फोन. आधी मंगल कार्यालयवाले, मग फोटोग्राफर, सोन्याची भिशी, लग्नासाठी पर्सनल लोन, दोन ज्योतिषी. त्यातल्या एका ज्योतिषाने मला लेकीची रास आणि नाडी फोनवरच सांगितली आणि म्हणाला दोष आहे, शांत करून घ्या नाहीतर योग लांबेल. मी घाबरले, खरंच घाबरले, आईचा जीव असतो. पैसे दिले नाहीत एवढंच. तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही की या माणसाकडे ही माहिती आली कुठून.

लग्न ठरलं, २०२५ च्या फेब्रुवारीत झालं. ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वेबसाईटवर गेले, पेढ्यांचा पुडा न्यावा तसं आनंदाने गेले हो, की आता नाव काढून टाकू. तर डिलीटचं बटणच सापडेना. सेटिंगमध्ये, मग त्याच्या आत अकाउंट, त्याच्या आत अजून काहीतरी, आणि तिथे "डिॲक्टिव्हेट" एवढंच. ते दाबलं तर आधी कारण विचारलं, मग लग्नाचा फोटो टाका म्हणाले, मग "तुम्ही एक चांगलं स्थळ गमावताय" असा मेसेज. सगळं ओलांडून शेवटी आलं की प्रोफाईल लपवण्यात आलंय. लपवलंय, काढलेलं नाही. हा फरक मला त्या दिवशी कळला नाही, लेकीच्या सासूबाईंच्या फोननंतर कळला.

माझा भाचा पुण्यात वेबसाईट बनवण्याच्या कामात आहे. त्याला सुट्टीच्या दिवशी बोलावून घेतलं. त्याने तासभर लॅपटॉपवर बसून मला एकेक गोष्ट दाखवली, ती मला जशी समजली तशी सांगते, कारण हे आपल्या सगळ्यांना माहीत पाहिजे.

पहिलं म्हणजे त्याने विचारलं मावशी पासवर्ड काय होता. मला आठवेना. त्याने "पासवर्ड विसरलात" वर क्लिक केलं, आणि मेलवर माझा जुना पासवर्ड जसाच्या तसा आला. मला वाटलं चला बरं झालं, सापडला. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला नीट काम करणाऱ्या वेबसाईटला तुझा पासवर्ड माहीतच नसतो, ते तो पासवर्ड अशा पद्धतीने चुरून ठेवतात की परत मूळ शब्द काढता येत नाही, म्हणून विसरला की ते नवीन करायला लावतात, जुना सांगू शकत नाहीत. यांनी जुना पाठवला याचा अर्थ यांच्याकडे सगळ्यांचे पासवर्ड उघडे किंवा सहज उलगडता येतील असे ठेवलेत, तिथला एखादा कर्मचारी वाचू शकतो, चोरी झाली तर चोरही वाचू शकतो. आणि माझा तोच पासवर्ड ईमेललाही होता. त्या ईमेलवर बँकेची स्टेटमेंटं येतात. त्याच बैठकीत आधी ईमेलचा पासवर्ड बदलला. तुम्ही पण बघून घ्या, कुठल्याही वेबसाईटने तुमचा जुना पासवर्ड मेलवर पाठवला तर तिथलं काही खरं नाही समजा.

मग त्याने लपवलेल्या प्रोफाईलच्या फोटोची लिंक काढली, ती माझ्या मोबाईलवर पाठवली जिथे मी कधीच लॉगिन केलेलं नव्हतं, आणि उघड म्हणाला. उघडली. माझी लेक, आकाशी रंगाची साडी, आमच्या गॅलरीत तुळशीपाशी उभी. कोणीही उघडू शकतं, लॉगिन नको, पैसे नकोत. पान लपवलंय पण फोटो त्यांच्या सर्व्हरवर उघड्यावर पडलेला. लिंकच्या शेवटी एक आकडा होता, भाचा म्हणाला हा आकडा एकाने वाढवला तर बहुतेक पुढच्या मुलीचा फोटो दिसेल. बघितला नाही त्याने. म्हणाला दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं होईल. पण डोकावणारे असतीलच ना.

वरती कुलूपाचं चित्र होतं की, मी विचारलं, मी तर कुलूप बघूनच फॉर्म भरला होता. तर तो म्हणाला कुलूपाचा अर्थ एवढाच की तुझ्या मोबाईलपासून त्यांच्या सर्व्हरपर्यंत जाताना मधे कोणी वाचू शकत नाही. पोचल्यावर ते त्याचं काय करतात हे कुलूप सांगत नाही. पत्राचं पाकीट नीट चिकटवलेलं होतं, पण ज्याच्या हातात पडलं तो ते गावभर वाचून दाखवू शकतो.

आणि कुकीज. हा शब्द रोज दिसतो, "आम्ही कुकीज वापरतो, ॲक्सेप्ट करा". मुळात ही साधी गोष्ट, १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली नावाच्या इंजिनिअरने काढली, की वेबसाईटने तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवायची म्हणजे परत आलात की ओळखता येतं. त्यात काही वाईट नाही, लॉगिन टिकतं ते त्यामुळेच. पण एका पानावर फक्त त्या वेबसाईटचीच चिठ्ठी नसते, जाहिरातवाल्या दुसऱ्या कंपन्यांच्याही असतात, आणि त्याच कंपन्या हजारो इतर वेबसाईटवरही बसलेल्या असतात, म्हणून त्यांना जोडून कळतं की ही बाई इथे लग्नाचं बघत होती आणि आता तिकडे साड्या बघतीये. भाच्याने एक यादी उघडून दाखवली, त्या एका पानाने माझ्या लॅपटॉपवरून किती बाहेरच्या ठिकाणी निरोप पाठवले त्याची, खाली सरकवत गेला तरी संपेना.

प्रायव्हसी पॉलिसी मी झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली, चौदा पानं, सगळी इंग्रजी. मी बी.कॉम. आहे, पतसंस्थेत बावीस वर्षं हिशेब बघते, इंग्रजी कागद रोज हाताखालून जातात, तरी दोन संध्याकाळी लागल्या. नवव्या पानावर मला पाहिजे ते सापडलं, की तुमची माहिती आम्ही सेवा चांगली देण्यासाठी आमच्या व्यवसायातल्या भागीदारांना देऊ शकतो. भागीदार कोण, किती, त्यांनी काम झाल्यावर माहिती टाकून द्यायची की नाही, एक अक्षर नाही. माहिती किती दिवस ठेवणार तर "व्यवसायाला गरज असेल तोपर्यंत". आणि बाराव्या पानावर मधेच भलत्याच कंपनीचं नाव, कपडे विकणाऱ्या. मी गोंधळले. भाचा म्हणाला आमच्या लाईनमध्ये हे नेहमीचं, गिऱ्हाईक म्हणतं वेबसाईट उद्या चालू करायचीये, पॉलिसी कुठूनतरी उचला आणि नाव बदला, कधीकधी एखाद्या ठिकाणी बदलायचं राहून जातं. म्हणजे ज्या कागदाला मी माझ्या लेकीच्या नावाने होकार दिला तो लिहिणाऱ्यांनीही वाचलेला नव्हता.

तक्रार करायची तर तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल होता त्यात. पाठवला. दोन मिनिटांत परत आला, असा पत्ता अस्तित्वात नाही. दुसरा कस्टमर केअरचा, तिथून उत्तर आलं, तुमची विनंती संबंधित विभागाकडे पाठवलीये. ते उत्तर माझ्याकडे आता सहा वेळा आलंय.

आता कायद्याचं. मला वाटायचं या बाबतीत आपल्याकडे काही नियमच नाहीत. आहेत की. २०११ पासून माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नियम आहेत की अशी माहिती घेणाऱ्या कंपनीने प्रायव्हसी पॉलिसी वेबसाईटवर लावायची, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क लावायचा, आणि त्याने महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची. २०१६ मध्ये तर केंद्र सरकारने खास लग्नाच्या वेबसाईटसाठी सूचना काढल्या होत्या. पण २०११ च्या त्या नियमांत "संवेदनशील" माहिती कुठली, तर पासवर्ड, बँकेची आणि कार्डाची माहिती, आरोग्य, बोटांचे ठसे वगैरे. जात त्यात नाही, जन्मवेळ नाही, घरची शेती नाही, वडिलांचं नाव नाही. आपल्याकडे कुठल्या आईला विचारा मुलीची कुठली माहिती सगळ्यात नाजूक, ती बँकेचं आधी सांगणार नाही.

मग २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच वर्षी न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांची समिती नेमली, त्यांचा अहवाल २०१८ मध्ये आला, मग मसुदे झाले, मागे घेतले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. मी दिवाळीनंतर फॉर्म भरला तेव्हा कायदा कागदावर होता, पण त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि त्यातही कंपन्यांवरची मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार.

हा कायदा मी भाच्याच्या मदतीने वाचला आणि खरं सांगते, मला त्यातल्या बऱ्याच गोष्टी आवडल्या. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामापुरती आणि स्पष्ट कृतीने दिलेली पाहिजे, म्हणजे ती आधीच खूण केलेली चौकट चालणार नाही. नोटीस सोप्या भाषेत, कुठली कुठली माहिती घेणार आणि कशासाठी, बाबवार लिहायची. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणं सोपं असलं पाहिजे, हे तर कायद्यात सरळ लिहिलंय. काढून घेतली की माहिती पुसायची, दुसरा कायदा ठेवायला सांगत नसेल तर. स्वतः पुसायची आणि ज्यांना कामासाठी दिली त्यांच्याकडूनही पुसून घ्यायची. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला आईवडिलांची खात्रीलायक संमती लागणार आणि त्यांच्या मागावर राहून जाहिराती दाखवता येणार नाहीत. माहितीची चोरी झाली तर ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं, आणि या कायद्याखालच्या माहिती संरक्षण बोर्डाला सविस्तर माहिती ७२ तासांत. सुरक्षेची काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

आणि भाषा. कायद्यात लिहिलंय की ती नोटीस इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला दिला पाहिजे. बावीस भाषा आहेत त्यात, मराठी आहे, गोव्यातल्या लोकांसाठी कोकणी आहे. संपादक साहेब, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या पतसंस्थेत आम्ही पेढे वाटले होते. वेबसाईटवर जाहिरात मराठीत, "तुमच्या लाडक्या लेकीसाठी" मराठीत, पैसे भरायचं पान मराठीत, फक्त तिची माहिती कोणाला देणार तेवढं इंग्रजीत. ज्या कंपनीला मराठीत विकता येतं तिला मराठीत सांगताही येतं. त्यासाठी मे २०२७ ची वाट कशाला पाहिजे?

पण एका गोष्टीचं मला फार वाईट वाटलं, ते मी स्पष्ट लिहिते. नव्या कायद्यात कंपनीला दंड झाला तर तो पैसा सरकारच्या एकत्रित निधीत जमा होणार. ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातून काही नाही. उलट जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३ अ आहे, कंपनीच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं तर त्या माणसाला भरपाई मागता येते, राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे, पाच कोटींपर्यंतच्या दाव्यासाठी. ते कलम नव्या कायद्याने काढून टाकायचं ठरवलंय, बाकीच्या तरतुदी लागू होतील तेव्हा तेही जाणार. म्हणजे फोन माझ्या लेकीच्या सासरी येणार, मनस्ताप तिला, आणि दंड भरला गेलाच तर तो दिल्लीला. वर खोटी किंवा फालतू तक्रार केली म्हणून सामान्य माणसाला दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहेच. मला माहितीये कायदा नवीन आहे, चालायला वेळ द्यावा लागेल. पण आपल्या खासदारांपैकी कोणीतरी हा भरपाईचा मुद्दा लोकसभेत उचलून धरावा असं मला मनापासून वाटतं.

कोणी म्हणेल एवढं काय, माहितीच तर गेली. २०२१ मध्ये एअर इंडियाने जाहीर केलं होतं की त्यांच्या प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि जगभरातल्या साधारण ४५ लाख प्रवाशांची माहिती गेली, जवळजवळ दहा वर्षांतली, नाव, जन्मतारीख, पासपोर्टची माहिती. माझी चुलत जाऊ त्या काळात मुलाकडे दुबईला जाऊन येऊन असायची. पासवर्ड बदलता येतो, कार्ड नवीन घेता येतं, जन्मतारीख कशी बदलणार? मामेकुळाचं आडनाव कसं बदलणार? आईचं माहेरचं आडनाव हा तर कितीतरी ठिकाणी ओळख पटवायचा प्रश्न असायचा, आणि तो आपण स्वतःच्या हाताने बायोडेटात छापतो.

आणि सुधारणा होतच नाही असंही नाही. फ्रान्समध्ये या कामासाठी वेगळी सरकारी संस्था आहे, तिने २०२२ च्या जानेवारीत गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला, कारण काय, तर त्यांच्या साईटवर कुकीज स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक क्लिक. एवढ्याच कारणावरून. एवढ्या मोठ्या कंपन्यांना तिथे बटण बदलावं लागलं. आमचा एक नातेवाईक जर्मनीत आहे, तो म्हणतो इकडे कंपनीला लिहून विचारलं की माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय आहे ते द्या, तर सगळं द्यावं लागतं, आणि सर्वसाधारणपणे महिन्याच्या आत.

मी स्वतः या बाजूला बसते म्हणून मला कंपन्यांची अडचणही कळते. आमच्या पतसंस्थेत साडेचार हजार सभासदांचे आधार, पॅन, फोटो, सह्या. हा प्रकार झाल्यावर मी आमच्याच कपाटाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. काउंटरवर केवायसीच्या झेरॉक्सचा गठ्ठा दिवसभर उघडा पडलेला असायचा, चहावाला पोरगासुद्धा त्यावर किटली ठेवायचा. खराब निघालेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही हिशेब करायचो आणि नंतर रद्दीत. किती वर्षं करत आलो, कधी मनात आलं नाही की त्या कागदामागे कोणाची तरी लेक आहे. आता खराब झेरॉक्स तिथल्या तिथे फाडतो, गठ्ठा कुलूपात जातो, आणि खातं बंद केलेल्या सभासदांच्या कागदांचं काय करायचं, नियमाप्रमाणे किती वर्षं ठेवायचे आणि नंतर कधी नष्ट करायचे, हा विषय मी पुढच्या मीटिंगला लेखी दिलाय. खर्च काही फार आला नाही. वेबसाईटवाल्यांनाही सगळंच महागाचं नाहीये, आधीची खूण काढायची, डिलीटचं बटण पहिल्या पानावर आणायचं, लग्न ठरलं की तांबड्या शाईची रेघ मारायची, ईमेल चालू ठेवून त्यावर एक माणूस बसवायचा.

वाचकांना माझं सांगणं, लग्नाच्या वयाची मुलं-मुली घरात असतील तर फॉर्ममध्ये पूर्ण जन्मवेळ आणि मामेकुळ पहिल्यांदा भरू नका, जिथे रकाना सोडताच येत नाही तिथे फोन करून विचारा का पाहिजे. त्यासाठी वेगळा ईमेल काढा, पासवर्ड वेगळा ठेवा. फोटोवर बारीक अक्षरात वेबसाईटचं नाव टाकून मगच चढवा म्हणजे कुठून फुटला ते कळतं, हे भाच्याने सांगितलं आणि मला आधी कळलं असतं तर किती बरं झालं असतं. नको असलेल्या जाहिरातींच्या फोनसाठी १९०९ वर डीएनडी करून घ्या. पैशाची फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. बटण सापडत नाही, फसवून होकार घेतात, अशा प्रकारांना सरकारने २०२३ मध्ये डार्क पॅटर्न म्हणून तेरा प्रकार ठरवून बंदी घातलीये, त्याची तक्रार ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर करता येते, मी केलीये, नंबर मिळालाय, पुढचं बघू.

आणि संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. आपल्या पेपरच्या वेबसाईटवर मी रोज सकाळी बातम्या वाचते, तिथेही कुकीजची पट्टी येते आणि तिथली प्रायव्हसी पॉलिसीही इंग्रजीतच आहे. ती मराठीत आणा. तुमच्याकडे इतके चांगले मराठी लिहिणारे लोक आहेत, त्यांनी एक पान सोप्या मराठीत लिहिलं तर बाकीच्या लहान मोठ्या वेबसाईटवाल्यांना निदान उचलायला तरी एक चांगला मराठी नमुना होईल.

त्या वेबसाईटला मी मागच्या सोमवारी रजिस्टर पोस्टाने मराठीत पत्र पाठवलंय, कार्यालयाच्या पत्त्यावर, की माझ्या मुलीची सगळी माहिती आणि फोटो कायमचे पुसा, कोणाकोणाला दिली त्यांची नावं द्या आणि त्यांच्याकडूनही पुसून घेतल्याचं लेखी कळवा. विहीणबाईंनाही त्याची प्रत दाखवली, त्यांनी वाचून मला दोन शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या. पोचपावती आलीये. हे पत्र टपालात टाकायच्या आधी आत्ता परत एकदा ती फोटोची लिंक उघडून बघितली. उघडतीये. तीच आकाशी साडी, तुळशीपाशी.

आपली नम्र,
एक आई
नाशिकरोड